मुक्काम किती दिवसांचा

यंदाही उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. कोल्हापुरात मी मुलीकडे राहतो आणि तिच्या फ्लॅटखालून कारखान्याकडे जाणारा रस्ता आहे. दसरा उलटला की त्या रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दणदणत जातात. त्यांच्यावरचे कर्णे एवढे मोठे असतात की गाणं कुठलं ते कळतच नाही, नुसता ठोका छातीत वाजतो. ट्रॉलीतून कांड्या सांडतात, मागून येणारा मोटारसायकलवाला एखादी उचलून हँडलला अडकवतो. नात म्हणते, आजोबा, खिडकी लावा. मी लावत नाही. आवाज ओसरल्यावर कधीकधी वारा फिरतो आणि लांबच्या कुठल्या तरी गुऱ्हाळाचा वास येतो, उकळत्या रसाचा, किंचित करपट. तो वास आला की मला वाटतं, कुणीतरी माझ्यावर नजर ठेवून आहे.

असं वाटायला कारण आहे. मागे एका हंगामात, उसाला तुरे आल्यापासून शेवटचा फड तुटेपर्यंत, एक अख्खं गाव माझ्यावर नजर ठेवून होतं. आणि मी गावावर.

मी ख्रिस्ती पाळक, आता निवृत्त. निवृत्तीनंतर काही वर्षं मी हंगामी पाळकाचं काम केलं. एखाद्या मंडळीचा, म्हणजे एका गावच्या ख्रिस्ती समाजाचा, पाळक बदलून गेला आणि नवा यायला वेळ असला, की मधल्या काळात रविवारची उपासना चालवायला, आजाऱ्याजवळ बसायला, मेलेल्याला माती द्यायला कुणीतरी लागतो. तो मी. या कामाची गंमत अशी, की तुमची सगळी लायकी तुमच्या जाण्यात असते. नवा माणूस यायच्या आत तुम्ही नीट उठून गेलात तर तुम्ही चांगले. रेंगाळलात तर केलेलं सगळं पाण्यात. मला नीट जाता येईल अशी माझी खात्री होती. ते गाव भेटेपर्यंत.

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक म्हणतील, बघा, अजून आमचं नाव सोडवत न्हाय ह्यांस्नी.

एसटीतून उतरलो तेव्हा न्यायला दौलतअण्णा आले होते. मंडळीचे मुख्य पंच. ऊसवाला माणूस, उभा बांधा, पांढऱ्या मिशा, बोलणं शेताच्या या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाशी बोलावं तसं. सलाम झाला. त्यांनी माझी बॅग उचलली आणि तिथल्या तिथं थांबून हातानं वजन पाहिलं.

"जड हाय की."

पुस्तकं आहेत म्हणालो.

"एवढी? पावणं, मुक्काम किती दिसांचा?"

मी हसलो. अण्णा हसले नाहीत. नवा पाळक येईपर्यंत, असं मी म्हणालो, त्यावर त्यांनी मान हलवली आणि बॅग खांद्यावर टाकली. पण त्या मान हलवण्यात विश्वास नव्हता, नोंद होती.

कारण नंतर कळलं. खूप वर्षांपूर्वी असाच एक पाळक थोड्या दिवसांसाठी म्हणून आला होता. आला, रुळला, लोकांनाही आवडला. काही जणांनी आग्रह केला आणि तो राहिला. त्याच्या दोन्ही मुलींची लग्नं त्याच गावातून झाली. कायमचा म्हणून नेमलेला पाळक दारातून परत गेला. मग तो हवा म्हणणारे देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, डावीकडे बसू लागले, नको म्हणणारे उजवीकडे. सख्खे भाऊ एकमेकांना सलाम करीनात. ते दोन बाक पुन्हा मिसळायला एक पिढी गेली. अण्णा तेव्हा तरणे होते, आणि त्यांचे वडील उजवीकडच्या पहिल्या बाकावर होते. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकसुद्धा फुंकून पितं. मी त्यांचं ताक होतो.

पाळकाच्या घरातला मोरीतला नळ गळत होता. दोन दिवस टपटप ऐकून मी स्वतः वायसर आणून बसवला. दुसऱ्या दिवशी दुधवाल्यानं विचारलं, "घर दुरुस्तीला काढलंय म्हणं?" मी एक खुर्ची उन्हात काढून पुसली, तर फर्निचर आणल्याची बातमी झाली. फुटक्या बादलीत कोथिंबीर पेरली तेव्हा मात्र कुणी काही बोललं नाही. कोथिंबीर चालते. महिन्याभरात येते, संपते. मग एका सकाळी दारात शेवग्याची जाड फांदी ठेवलेली दिसली, लावायला तयार. कुणी ठेवली? माझं भलं चिंतणाऱ्यानं, की मी ती लावतो का हे पाहणाऱ्यानं? शेवगा म्हणजे शेंगा धरेपर्यंत माणूस तिथं आहे असा अर्थ. मी ती फांदी हातात घेऊन अंगणात किती तरी वेळ उभा होतो. शेवटी शेजारच्या गोठ्यात देऊन टाकली. शेजारीण म्हणाली, "तुमास्नी नगं व्हय?" आणि तिनं ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून फांदी तिनंच ठेवली होती असा मला संशय आला. तो अजून फिटलेला नाही.

मी मूळचा संशयी माणूस. पाळकाला हे शोभत नाही हे मला माहीत आहे. माझी पत्नी होती तोवर ती माझ्या वाटणीचा विश्वास ठेवायची. कुणी गोड बोललं की मी कारण शोधायचा आणि ती चहा टाकायची. ती गेल्यावर माझ्याकडे नुसतं कारण शोधणं उरलं.

तिथं मी एकटा, म्हणून जेवणाचे वार लावले होते. रोज एका घरचा डबा. सोमवारी अण्णांकडचा, मंगळवारी शालनताईंचा, असं. शालनताई म्हणजे प्राथमिक शाळेतल्या मुख्याध्यापिका, बोलक्या, हौशी. जुन्या पाळकाच्या भांडणात त्यांचं माहेर डावीकडच्या बाकावर होतं. मी डब्यांचा अभ्यास करू लागलो. अण्णांकडून झुणका आला की शालनताईंकडून दुसऱ्या दिवशी अंड्याची आमटी यायची. मी मनात म्हणायचो, हे जेवण नाही, ही मतं आहेत. म्हणून ठरवलं की कुणाचा डबा जास्त आवडला हे कळू द्यायचं नाही. सगळं संपवायचं, डबा लख्ख घासायचा आणि तसाच, रिकामा, परत द्यायचा. एकाच्या डब्यात काही घालून दिलं आणि दुसऱ्याच्या राहिलं, तर त्याची चर्चा सातही घरांत होणार. माझ्या मते माझं हे धोरण अगदी निर्दोष होतं.

नाताळाच्या सुमाराला सगुणाआक्कांनी मला त्याचा अर्थ सांगितला. आक्का देवळासमोर राहायच्या. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या, डोळ्यांनी अधू, पण मान कायम दाराकडे. त्यांच्याकडे प्रार्थनेला गेलो की चहाआधी प्रार्थना असा शिरस्ता होता. एकदा प्रार्थनेच्या मध्येच मला वाटलं, आक्कांना झोप लागली. मी हळूच एक डोळा उघडला. आक्का टक्क डोळ्यांनी माझ्याकडे बघत होत्या. आम्ही दोघंही सापडलो. मी आमेन म्हणून टाकलं.

"म्या बघत हुतो," आक्का म्हणाल्या. तिकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, हुतो, गेलतो. "मनापासनं म्हणताय का पाठ केल्यालं, ते."

मग काय दिसलं, मी विचारलं.

"निम्मं निम्मं हाय."

आणि लगेच त्यांनी डब्याचं काढलं. घरोघरी बायकांना ते लागलं होतं. भांडं कधी रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात, हे कुणाच्याही घरचं पोर जाणतं. रिकामं भांडं परत येणं म्हणजे देणंघेणं इथंच मिटलं. मी सात घरांना रोज पाळीपाळीनं सांगत होतो की माझा तुमचा संबंध नाही. आमच्या घरी भांड्यात साखर घालायचं काम पत्नीचं होतं. मी ते आयुष्यभर पाहिलं होतं आणि कधी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक डब्यात गुळाचा खडा घालू लागलो. सातही खडे सारखे असावेत म्हणून ते शेजारी शेजारी ठेवून बघायचो. तरी शालनताईंच्या घरी मोठा गेला, असं आलंच कानावर.

पण त्यानंतर काहीतरी बदललं. लोक आत येऊन बसू लागले. कुणाच्या म्हशीसाठी प्रार्थना, कुणाच्या सुनेच्या बाळंतपणासाठी, कारखान्याची तोड लवकर यावी यासाठी. उसाचे तुरे सकाळच्या उन्हात पांढरे दिसायचे आणि त्या वाटेनं आजाऱ्याच्या घरी जाताना माझ्या लक्षात यायचं की मी गुणगुणतोय. पत्नी गेल्यापासून मी उपासनेबाहेर गायलो नव्हतो. याचाही मला संशय आला. माणूस सुखी असला की त्यानं सावध व्हावं, हे माझं जुनं मत आहे.

फेब्रुवारीत शालनताई घरी आल्या. नेमलेला नवा पाळक फार तरुण आहे, अननुभवी आहे, तुम्हीच राहा, वरती आम्ही सांगतो, असं बरंच बोलल्या. त्यांचे डोळे भरले होते. मी त्या डोळ्यांकडे पाहून विचार करत होतो की हे माझ्यासाठी आहे, की अण्णांना एकदा हरवण्यासाठी. बहुतेक दोन्ही असावं. बघू, मी म्हणालो. नाही म्हणायला हवं होतं, पण बघू म्हणालो, आणि तो शब्द माझ्या आधी अण्णांच्या शेतावर पोचला.

दोनच दिवसांनी अण्णांनी गुऱ्हाळावर बोलावलं. दुपारची वेळ. काहिलीतला रस पिवळा होऊन फुगत होता, चुलवाणात चिपाडं सरकवणारा माणूस घामानं निथळत होता. अण्णांनी मला खाटेवर बसवलं, पानावर गरम गूळ दिला आणि स्वतः उभेच राहिले.

"पावणं, एक इचारतो. खरं सांगा. ऱ्हायाचं मनात हाय का?"

माझ्या तोंडात गूळ होता, त्यामुळे उत्तराला वेळ मिळाला.

खरं उत्तर होय असं होतं. मला राहायचं होतं. त्या गळक्या नळाच्या घरात, सात डब्यांच्या मध्ये, मरेपर्यंत. पत्नी गेल्यावर पहिल्यांदाच मला सकाळी उठायला कारण मिळालं होतं. गावाचा संशय अगदी खरा होता. मी रोज ज्या लोकांना उगाच शंकेखोर म्हणत होतो, त्यांनी माझं मन माझ्या आधी वाचलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. आणि मी राहिलो असतो तर ते बाक पुन्हा डावे-उजवे झाले असते, हेही मला तितकंच स्पष्ट दिसत होतं.

नाही, मी म्हणालो. जाणार.

"गेल्यावर येनंजानं?"

तेही नाही.

"शब्द?"

मी शब्द दिला. अण्णांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "आमचा इस्वास हाय वो," ते म्हणाले. "पर बघतो आमी."

तो शब्द मी आजवर पाळला आहे. त्या बाजूला जाणारी एसटी दिसली तरी मी बोर्ड वाचत नाही. नवा पाळक रुळला, त्याला मूल झालं, असं उडत उडत कळलं. सगुणाआक्का गेल्या हेही असंच कळलं, मंडईत, भाजी घेताना, माती होऊन कितीतरी महिने झाल्यावर. मला कुणी कळवलं नव्हतं. गावातल्यांनी माझं ऐकलं म्हणून कळवलं नाही, की मला विसरले म्हणून? दोन्हीचा परिणाम एकच. मी मेथीची जुडी हातात धरून उभा राहिलो आणि भाजीवाली म्हणाली, आजोबा, घेताय का ठेवताय.

निरोपाचा रविवार आला तेव्हा फड बहुतेक मोकळे झाले होते. शेतं एकाएकी उघडी पडली होती. देवळाला पताका लावलेल्या, बाहेर मांडव, आचारी आणलेला, मटणाचा वास सकाळपासून. मला फेटा बांधला, शाल दिली. इतका थाट पाहून मला वाटलं, माणूस परत येऊ नये म्हणूनच असा निरोप देतात. ज्याला परत यायचं असतं त्याला कुणी फेटा बांधत नाही. शालनताई बोलल्या आणि मध्येच खाली बसल्या. अण्णा बोलले ते एवढंच, की पावण्यांनी सांगितलेलं काम केलं.

मग मी उभा राहिलो. मी काय बोलणार हे फक्त अण्णांना माहीत होतं. मी म्हणालो, उद्यापासून मी तुमचा पाळक नाही. मला फोन करू नका. लग्नाला बोलावू नका, बारशाला बोलावू नका, मातीलाही बोलावू नका. नवा पाळक येतोय, जे मला द्यायचं ते त्याला द्या.

बायकांतून आक्कांचा आवाज आला.

"माज्या मातीला सुदिक न्हाय?"

नाही आक्का, मी म्हणालो. तुमच्याही नाही.

ते वाक्य उच्चारताना माझा आवाज स्थिर होता, याचा मला आजही राग येतो.

राहिला आशीर्वाद. उपासनेच्या शेवटी पाळक दोन्ही हात वर करून आशीर्वाद देतो आणि मंडळी तीनदा आमेन गाते. आमेन होईपर्यंत हात खाली येत नाहीत आणि उपासना संपत नाही. त्या देवळात पहिलं आमेन अण्णांनी धरायचं आणि मग बाकीच्यांनी उचलायचं, हे त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. अण्णांचा आवाज असा की पहिल्याच आमेनला छपरावरची कबुतरं उडायची. मी हात वर केले, डोळे मिटले, आशीर्वाद म्हटला आणि थांबलो.

आमेन आलं नाही.

मी वाट पाहिली. शाल खांद्यावरून घसरत होती. पहिला विचार आला तो माझ्या स्वभावाला धरूनच आला, की ही यांची शेवटची परीक्षा दिसते. हात खाली घेतले की म्हणतील, बघा, याला जायची घाई. घेतले नाहीत तर म्हणतील, बघा, याला खाली उतरवत नाही. दंड भरून आले. कुणी खाकरेना. अण्णांनी धरल्याशिवाय आमेन म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती. आणि मग मला कळलं की मला हात खाली घ्यायचेच नाहीत. तिथं तसंच उभं राहायला मिळत असेल तर दंड गळून पडले तरी चालतील, असं वाटलं. मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

"म्हना की रं कुनीतरी," आक्का म्हणाल्या. "हात दुखाय लागलं असतील त्येंचं."

आणि त्यांनी स्वतःच आमेन धरलं, फाटक्या, सुरात नसलेल्या आवाजात. बायकांनी उचललं, मग पुरुषांनी. तिन्ही आमेन झाली. मी कान देऊन ऐकलं. अण्णांचा आवाज त्यात नव्हता.

जेवणं झाली. बॅग पुन्हा अण्णांनीच उचलली आणि स्टँडपर्यंत आणली. एसटी लागलेली होती. बॅग खिडकीतून आत सरकवून झाल्यावर ते रस्त्याच्या पलीकडे बघत म्हणाले, "आमेनचं मनाला लावून घिऊ नका. सकाळपासनं घसा धरलाय. गुऱ्हाळाचा धूर."

असेल, मी म्हणालो.

गाडी सुरू झाली. ती वळली तोच मागून अण्णांचा आवाज आला. रस्त्यात आडव्या आलेल्या ट्रॅक्टरवाल्याला ते गाडी मागं घ्यायला सांगत होते, आणि तो आवाज इंजिनाच्या, कर्ण्याच्या, सगळ्याच्या वरून, नेहमीसारखा खणखणीत येत होता.